फिल्टर चकाचक आहे, मग आत धूळ आली कुठून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर कुणी वाचलं तर त्यालाही कळेल. गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही बाइक, तुम्ही दौंडच्या बाजूचे, रविवारी तिघं-चौघं मिळून कॅनॉलच्या कडेचे रस्ते, मुरमाड माळरान, उसाच्या ट्रॉल्यांच्या वाटा असं फिरता. दिवाळीत कंपनीचा कागदी फिल्टर काढून त्याजागी धुता येणारा फोमचा बसवलात. आता विचारताय की हा किती किलोमीटरला धुवायचा, पेट्रोलने धुतला तर चालतो का आणि ऑइल कुठलं लावायचं. आणि मग अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय की फिल्टर तर स्वच्छच दिसतो पण त्याच्या मागच्या रबरी पाइपात बोट फिरवलं तर बारीक माती लागते, हे नॉर्मल आहे का.

नॉर्मल नाहीये भाऊ. बाकीचे तीन प्रश्न बाजूला ठेवा, खरा प्रश्न ही शेवटची ओळ आहे. ती माती कुठून येतेय हे सापडेपर्यंत धुळीत गाडी घालू नका, डांबरी रस्त्याने कामाला जाऊन या हवं तर.

लोक फिल्टर काढतात, तो काळा-तांबडा झालेला बघतात आणि घाबरतात. अहो तो मळला म्हणजे त्याने काम केलं, चहाच्या गाळणीत चोथा दिसला तर आपण घाबरतो का? घाबरायचं ते उलट झालं तर. एवढ्या फुफाट्यातून फिरून आलात आणि फिल्टर स्वच्छ, म्हणजे एकतर हवा त्याच्यातून जातच नाहीये, कडेने वळसा घालून जातेय, नाहीतर फोमला ऑइल कमी पडून तो कोरडा आहे आणि धूळ त्याच्यातून आरपार चाललीय. तुमच्या बाबतीत मला पहिल्याचा जास्त संशय आहे, का ते खाली सांगतो.

आधी ही थोडीशी धूळ एवढी वाईट का ते बघू. तुमचं इंजिन १९९.६ सीसीचं, चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा, दर वेळी पाव लिटरला थोडी कमी, म्हणजे साधारण ०.२ लिटर. हिशोबाने मिनिटाला ६०० लिटर, तासाला ३६ हजार लिटर, म्हणजे आपल्याकडे सोसायटीत पाण्याचे १२ हजार लिटरचे टँकर येतात तसे तीन टँकर हवा एका तासात. प्रत्यक्षात थ्रॉटल (ॲक्सिलरेटर पिळल्यावर उघडते ती हवेची झडप) पूर्ण उघडा नसतो त्यामुळे याच्यापेक्षा कमी, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. आणि ही हवा कुठली, तर पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाने उडवलेली. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचा, आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो त्यावरून बघा. म्हणजे डोळ्यांना नीट दिसतही नाही असा कणच त्या थरात बरोबर बसतो आणि पॉलिश पेपरचं काम करतो. नदीच्या वाळूतला जो क्वार्ट्झ असतो त्याचा कठीणपणा मोहच्या मापावर ७, साधं लोखंड-पोलाद त्याच्यापुढे मऊ. काळ्या मातीची धूळ वाळूएवढी कडक नसेल पण ती पिठासारखी बारीक असते आणि ऊसतोडीच्या हंगामात तर ट्रॉल्यांनी रस्ता अक्षरशः दळून ठेवलेला असतो, त्यामुळे ती कुठल्याही फटीतून आत शिरते. मोठा खडा एअरबॉक्समध्ये (फिल्टर ज्या डब्यात बसतो त्यात) तळाला पडून राहतो, पीठ पडत नाही, ते हवेबरोबर जातं.

आता शोध कसा घ्यायचा. मी गॅरेजमध्ये दोन गोष्टी करतो, दोन्हीला खर्च नाही.

पहिली टॉर्चची. रात्री किंवा शटर ओढून अंधार करा, फिल्टर जागेवर बसवा, झाकण काढून ठेवा आणि मागच्या बाजूने, म्हणजे थ्रॉटल बॉडीकडचा रबर सोडवून त्यातून, छोटा एलईडी टॉर्च किंवा मोबाइलची बारीक लाइट आत सोडा. फोममधून सगळीकडून मंद उजेड येईल, तो ठीक आहे. पण कडेला कुठे लख्ख रेघ दिसली की तीच तुमची फट. याच्यात एक अडचण आहे, झाकण बंद केल्यावर जो दाब येतो तो या टेस्टमध्ये नसतो, त्यामुळे कधी फट दिसते आणि झाकण लावल्यावर मिटते, कधी उलटही होतं, झाकणाने मध्ये दाबलं की कोपरा वर उचलतो. म्हणून दुसरी टेस्ट.

दुसरी ग्रीसची, आणि हिच्यावर माझा जास्त विश्वास. फिल्टरच्या मागे जो रबरी पाइप इंजिनकडे जातो, तो आतून ओल्या फडक्याने पूर्ण पुसून काढा, कोरडा करा, मग बोटाने आतल्या भिंतीवर ग्रीसचा अगदी पातळ थर फिरवा. पातळ म्हणजे पातळ, गोळे ठेवू नका, ते इंजिन ओढून घेईल. सगळं नीट बसवा आणि नेहमीच्या रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर जाऊन या, एकटेच जा आणि हळू जा, कारण ही टेस्ट आहे, राइड नाही. (वर मी धुळीत घालू नका म्हणालो आणि आता घाला म्हणतोय, मान्य, पण एवढी एक फेरी परवडते आणि ग्रीस बरीचशी धूळ पकडूनही ठेवतं.) परत आल्यावर उघडून बघा. ग्रीस जसं लावलं तसं चकचकीत असेल तर फिल्टर आणि सील दोन्ही ठीक. सगळीकडे सारखा मातकट रंग आलाय तर फोममधूनच धूळ जातेय, ऑइल कमी आहे किंवा फोमच बंडल आहे. आणि एकाच बाजूला, एका रेघेत किंवा चंद्रकोरीसारखी माती चिकटली असेल तर त्याच बाजूला फट आहे, धूळ स्वतः बोट दाखवून सांगते. बघून झालं की ग्रीस पुसून टाका.

बाय द वे, टेस्ट करायच्या आधीच एक गोष्ट बघून घ्या, एअरबॉक्सच्या तळाला जी छोटी ड्रेनची नळी असते, टोकाला टोपण किंवा बंद रबर असलेली. ते टोपण बऱ्याच सेकंडहँड गाड्यांवर गायब असतं, कुणीतरी सर्व्हिसिंगला काढतं आणि परत लावत नाही. ड्रेन जर स्वच्छ बाजूला, म्हणजे फिल्टरच्या मागे इंजिनकडे असेल आणि टोपण नसेल तर तुम्ही वर कितीही भारी फिल्टर लावा, खालून स्ट्रॉने पितोय आपण धूळ. त्या नळीत जमलेलं काय आहे तेही बघा, ऑइल आणि पाणी थोडंफार येतं, पण वाळू निघाली तर उत्तर मिळालं.

मग बाकीच्या जागा. थ्रॉटल बॉडीवरचा रबर आणि त्याचा क्लॅम्प, हा हाताने हलवून बघा, उन्हाने रबर कडक होतो आणि त्याला खालच्या बाजूने चीर जाते जी वरून दिसत नाही, आरसा धरून बघावं लागतं. क्रॅंककेसमधून (इंजिनच्या खालच्या पोटातून) एअरबॉक्सला येणारी ब्रीदरची नळी, ती निसटलेली असते कधीकधी. झाकणाचं गॅस्केट. आणि सगळ्यात शेवटी, पण तुमच्या गाडीत मला वाटतं सगळ्यात आधी, तो बाजारातला फोमचा फिल्टर स्वतः. कंपनीच्या कागदी फिल्टरला चारही बाजूंनी मऊ रबराची कड असते, ती डब्याच्या खाचेत दाबून बसते. बाहेरचे फोमचे फिल्टर बनवणाऱ्यांपैकी काही जण ती कड फार छान करतात, काही जण नुसता फोम कापून फ्रेममध्ये कोंबतात आणि म्हणतात झालं. कड एक-दीड मिलिमीटरने जरी कमी पडली तरी हवा तिथूनच जाणार, तिला फोममधून धडपडत जायची काय हौस आहे, हवा नेहमी सोपी वाट पकडते. तुमचा फिल्टर एवढा स्वच्छ का राहतोय याचं कारण बहुतेक हेच निघेल. जुना कागदी फिल्टर टाकला नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून कडांची उंची स्केलने मोजा, पाच मिनिटांत कळेल. आणि फरक निघाला तर सिलिकॉन सीलंट वगैरे भरून जुगाड करायच्या भानगडीत पडू नका, फिल्टर परत करा.

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो असं नाही. २०१२-१३ च्या सुमाराला माझ्याकडे हिरोची इम्पल्स होती, तेव्हा आपल्याकडे परवडणारी तीच एक डर्टवर जाणारी गाडी, आणि मी तिच्यात एका मित्राच्या सांगण्यावरून फोम घातला होता. दर राइडनंतर पेट्रोलमध्ये बुचकळायचो, पिळायचो, झटकायचो, इंजिन ऑइलचे चार थेंब लावायचो आणि अभिमानाने सांगायचो की माझ्याएवढा फिल्टर कुणी साफ करत नाही. खरंच नव्हतं करत कुणी. पाच-सहा महिन्यांत पेट्रोलने फोमचा जोड सुटला, आतल्या बाजूचा, जो बसवताना दिसत नाही, आणि मी तसाच एक अख्खा उन्हाळा फिरलो. आधी सकाळी स्टार्टिंगला त्रास, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) वारंवार सेट करायला लागले, मग ऑइल कमी व्हायला लागलं, मग निळा धूर. इंजिन खोललं तर पिस्टनच्या कडेला उभ्या रेघा, बोट फिरवलं तर नखाला लागतील अशा. बोअर-पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं. गाडीची काही चूक नव्हती आणि मेकॅनिकचीही नव्हती, तो बिचारा मला आधी म्हणाला होता की आहे तो कागदीच राहू दे.

आता तुमच्या गाडीत धूळ आधीच गेलीय त्याचं काय. घाबरून इंजिन खोलायची गरज नाही, बोटाला माती लागली म्हणजे इंजिन संपलं असं नसतं. रबरी पाइप काढून धुवून पुसून घ्या, थ्रॉटल बॉडीचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसा, तिथे हवेचं प्रेशर अजिबात मारू नका, जी धूळ बाहेर आहे ती तुम्हीच आत पाठवाल. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदला, तारीख आली नसली तरी. टॅपेट चेक करून घ्या आणि रीडिंग लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघता येतं. धूळ खाल्लेल्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी-कमी होत जातो, म्हणून तो आकडा बोलका असतो. पुढचे हजार किलोमीटर ऑइलच्या लेव्हलवर लक्ष ठेवा. लेव्हल टिकली, धूर नाही, स्टार्टिंग पहिल्यासारखं, तर सुटलात.

एवढं झालं की मग तुमचे मूळ प्रश्न. किती किलोमीटरला धुवायचा? याचं किलोमीटरमध्ये उत्तर देणारा माणूस एकतर कंपनीचं मॅन्युअल वाचतोय नाहीतर अंदाजपंचे बोलतोय. हायवेने पुणे-गोवा हजार किलोमीटर जाऊन आलेला फिल्टर मी नुसता बघून परत ठेवलाय, आणि एप्रिलमध्ये पाच गाड्यांच्या रांगेत शेवटून दुसरा राहून साठ किलोमीटर केलेला फिल्टर उघडला तर विटेसारखा झालेला. रांगेत तुम्ही कितवे हे खरंच महत्त्वाचं आहे, पहिल्याला स्वच्छ हवा मिळते आणि शेवटचा चौघांची धूळ खातो, त्यामुळे आम्ही ग्रुपमध्ये दर वीस-पंचवीस मिनिटांनी नंबर बदलतो आणि अंतर ठेवतो. मग नियम काय, तर धुळीची राइड झाली की उघडून बघा, प्रत्येक वेळी. बाहेरची बाजू सगळी मातकट झालीय आणि ऑइलचा रंग दिसेनासा झालाय तर धुवा. फक्त टोकावर थोडी धूळ आहे तर राहू द्या. मोटोक्रॉसवाले प्रत्येक दिवसानंतर बदलतात, डकारसारख्या रॅलीत रोज संध्याकाळी कॅम्पमध्ये नवा लागतो, पण त्यांचं इंजिन आणि त्यांची धूळ वेगळी, आपण रविवारची मंडळी.

पावसाळ्याचं वेगळं आहे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत धूळ नसतेच, पण फिल्टर ओला राहून फोम कुजतो, त्यामुळे पावसात न मळलेला फिल्टरही महिन्यातून एकदा काढून बघावा. आणि ओढ्यातून जाताना पाणी एअरबॉक्सपर्यंत गेलं असेल तर ड्रेन उघडा, ओल्या फिल्टरवर रेटत राहू नका.

पेट्रोलने धुवायचं का, तर नको. एकतर फोमचे थर आणि फ्रेम गोंदाने जोडलेले असतात, पेट्रोल तो गोंद हळूहळू खातं, माझी कथा वर सांगितलीच. दुसरं म्हणजे बंद गॅरेजमध्ये उघड्या टबात पेट्रोल, एक ठिणगी पुरे, आणि फोम अर्धवट वाळलेला असताना बॅकफायर झाला, म्हणजे इंजिनातली ज्वाला उलटी आली, तर सीटखाली आग. धुळीपासून वाचायला पेट्रोल म्हणजे आगीतून फुफाट्यात म्हणतात त्याच्या उलट, फुफाट्यातून आगीत. फिल्टर क्लीनर मिळतो, मोतुलचा ए१ वगैरे, तो चांगला. नसेल तर रॉकेल, आता शोधावं लागतं म्हणा, नाहीतर डिझेल. दोन्हीनंतर साबण मात्र हवाच, कारण डिझेल स्वतःचा तेलकटपणा मागे ठेवतं आणि त्याच्यावर फिल्टर ऑइल धरत नाही. आणखी एक, जर तुम्ही नो टॉइलसारखं पाण्याने निघणारं ऑइल वापरत असाल तर त्याचा क्लीनरही त्यांचाच लागतो आणि ते साध्या ऑइलवर चढवायचं नाही, दोन्ही मिसळलं की चिकट लगदा होतो जो कशानेच निघत नाही. एक पद्धत धरा आणि तिच्यावरच राहा.

धुताना मी असं करतो. आधी गाडी बाहेरून पुसून घेतो, निदान सीट आणि साइड पॅनेलच्या आसपास, कारण झाकण उघडलं आणि वरची माती आत पडली तर काय उपयोग. प्रेशर पंपाने धुवायची असेल तर एअरबॉक्सच्या तोंडावर प्लास्टिक बांधून. मग फिल्टर सरळ, न झटकता, हळू काढायचा. तो निघाला की लगेच इंजिनकडच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबायचं. फडकं लालभडक किंवा भगवं असू द्या, काळं-राखाडी नको. मी एकदा राखाडी फडकं आत विसरून सगळं बसवलं होतं आणि अर्धा तास स्टार्टर मारत, प्लग काढत, फ्युएल पंपाला शिव्या देत बसलो होतो. नशीब ते पाइपातच अडकून राहिलं.

पहिलं पाणी रॉकेलचं, एका टबात, फोम बुडवून दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा. पिळायचा नाही. घरी बायका साडी पिळतात तसा पीळ दिला की आतले पेशींसारखे कप्पे फाटतात आणि जोड उसवतो. दुसरं पाणी स्वच्छ रॉकेलचं. मग कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण, परत दाबा-सोडा, फेस पांढरा येईपर्यंत, मग साध्या पाण्याने आतून बाहेर, म्हणजे नळ आतल्या बाजूला धरून धूळ जिकडून आली तिकडेच घालवायची. बाहेरून नळ सोडला तर माती आतल्या थरात जाऊन बसते. घाण झालेलं रॉकेल गटारात ओतू नका, बरणीत दोन दिवस ठेवा, माती तळाला बसते, वरचं परत वापरता येतं, मी एक लिटर चार-पाच महिने पुरवतो.

वाळवायचा सावलीत, पूर्ण, रात्रभर. ऊन, हेअर ड्रायर, सायलेन्सरवर ठेवणं, सगळं नको. आत ओल राहिली तर ऑइल तिथे चढत नाही आणि तेवढी जागा धुळीला मोकळी. वाळल्यावर खिडकीसमोर धरून बघा, भोकं, उसवलेला जोड, कडेचा रबर सुटलाय का. दोन बोटांत चिमटीत धरून हलकं चोळा. चुरा हातात आला तर फोम संपला, तो आता धूळ अडवायच्या ऐवजी स्वतःच इंजिनात जाणार. आपल्या दमट हवेत फोम न वापरताही दोन-चार वर्षांत असा होतो, म्हणून सेलमध्ये पडून राहिलेला जुना स्टॉक घेऊ नका. किती धुण्यांनंतर बदलायचा याला आकडा नाही, कड, जोड आणि चुरा या तिन्हींपैकी एक जरी दिसलं की बदला, दोनशे रुपये वाचवायला बघू नका.

ऑइल. इंजिन ऑइल का नको, तर ते पातळ असतं, रात्रभरात सगळं खाली उतरतं, वरचा अर्धा फोम कोरडा आणि खालून थेंब गळतायत. फिल्टर ऑइलमध्ये एक उडून जाणारा द्रव मिसळलेला असतो, लावताना पातळ असतं म्हणून आतपर्यंत जातं, मग तो द्रव उडतो आणि मागे गुळाच्या पाकासारखा चिकट थर राहतो, हाच धूळ पकडतो. जुन्या काही मॅन्युअलमध्ये ८०-९० गिअर ऑइल लिहिलेलं असायचं, अडचणीला चालेल, रोजला नको. हातमोजे घाला किंवा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून मळा, कणीक मळतो तसं पण हलक्या हाताने. ऑइलला लाल-निळा रंग दिलेला असतो तो यासाठीच, सगळीकडे सारखा रंग आला की झालं. फिक्या जागा म्हणजे कोरड्या जागा. मग जास्तीचं दाबून काढा, थेंब पडायला नको. कमी ऑइलने धूळ जाते आणि जास्त ऑइलने गाडी गुदमरते, कार्ब्युरेटरवाल्या गाडीत तर लगेच काळा धूर, इंजेक्शनवाली बरंच सांभाळून घेते आणि नुसती मंद पळते त्यामुळे लक्षात यायला वेळ लागतो. लावल्यावर लगेच बसवू नका, तो द्रव उडायला निदान अर्धा-पाऊण तास, मी तर रात्रभरच ठेवतो.

बसवताना कडेच्या रबरावर चांगल्या वॉटरप्रूफ ग्रीसची सलग रेघ, मध्ये कुठे तुटू द्यायची नाही. डब्याची खाच आधी पुसलेली हवी, तिथे एक खडा राहिला तरी सगळ्यावर पाणी. फिल्टर बसला की कडेने पूर्ण फेरी बोट फिरवायचं, कोपऱ्यांत थांबून. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने घट्ट करत गेलात तर दुसरी बाजू उचलते. आणि लाल फडकं! ते आधी काढा.

कुणीतरी खाली उत्तरात लिहिलंय की फोम काढून कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा) लावा, एअरबॉक्सच उडवा, पिकअप वाढतो. धुळीच्या गाडीला हे करू नका. आवाज वाढतो एवढं मात्र नक्की.

राहता राहिला तो प्रश्न जो तुम्ही विचारला नाहीत, की फोम हवाच कशाला. हे माझं मत आहे, बाकीचे भांडतील. जो माणूस दर राइडनंतर बादली, साबण, ऑइल, ग्रीस घेऊन बसणार आहे आणि ज्याच्याकडे दोन-तीन फिल्टर आधीच ऑइल करून झिपच्या पिशवीत तयार आहेत त्याला फोम भारी आहे, जास्त धूळ पोटात घेतो आणि तरी श्वास घेऊ देतो. पण महिन्यातून दोन रविवार जाणाऱ्याला कंपनीचा कागदी फिल्टर, आणि मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय त्याच्या निम्म्यावर बदलणं, हे मला जास्त सुरक्षित वाटतं. कारण त्याची कड डब्यासाठीच बनलेली असते. कागदी फिल्टरवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तेलकट-चिकट लागणारा कागद असेल तर त्याला फुंकायचं नाही, धुवायचं नाही, खराब झाला की सरळ बदलायचा, हवा मारली की ते तेल जातं. कोरडा कागद असेल तर आतून बाहेर, लांबून, हलकी हवा, पंक्चरवाल्याची नळी टेकवून फुल प्रेशर मारलंत तर कागदाला सुईएवढी भोकं पडतात जी डोळ्यांना दिसत नाहीत. आणि थोडासा मळलेला कागद नव्यापेक्षा बारीक धूळ चांगली अडवतो, अडकलेले कणच गाळणीचं काम करायला लागतात, त्यामुळे दर आठवड्याला काढून झटकणारे स्वतःचंच नुकसान करतात.

तर आता या रविवारी राइड नको, शनिवारी संध्याकाळी टॉर्च आणि स्केल घेऊन बसा. फट सापडली तर जुना कागदी परत घाला, तो फार मळला असेल तर नवा आणा, आणि मग ग्रीसची टेस्ट करा. टेस्टनंतर त्या रबरी पाइपाचा आतून फोटो टाका, झाकण कुठल्या बाजूला येतं ते खुणेने दाखवून, म्हणजे माती कुठल्या कोपऱ्यातून आली ते मला इथूनही सांगता येईल.